कै. गेनबाशेठ यांच्या स्मरणार्थ ताजी भाजी

भाजी विकण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, पण लोक मला हात जोडायला लागले ते अगदी शेवटच्या काही वर्षांत. मला म्हणजे, मी चालवत होतो त्या गाडीला. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलो की समोरचे मोटारसायकलवाले वेग कमी करायचे. एखादा छातीला हात लावायचा. उसाचे ट्रॅक्टरवाले एरवी कुणाच्या बापाला वाट देत नाहीत, ते दोन ट्रॉल्यांसकट साइडपट्टीवर उतरायचे. एकदा तर चौकातल्या हवालदारानं मला बघून टोपी काढली. मी आपला मेथी, दुधी आणि गवार घेऊन खाली मान घालून पुढं निघून जायचो. खुलासा तरी कुणाकुणाला करणार?

मी युनुस बागवान. आम्ही बागवान म्हणजे पिढीजात फळं-भाजीवाले. आधी हातगाडी, मग बारामतीच्या मंडईत गाळा. गुडघ्यांनी दगा दिल्यावर गाळा थोरल्याकडं सोपवला आणि घरी बसलो. चार महिन्यांत घरच्यांना नकोसा झालो. त्याच सुमारास एका संस्थेच्या मॅडम मला शोधत आल्या. पुण्याच्या, आहारतज्ज्ञ, वयानं माझ्या मुलीएवढ्या. बोलणं इतकं भरभर, की मी पहिल्या वाक्याला मान हलवेपर्यंत त्या चौथ्यावर पोहोचलेल्या असायच्या.

"चाचा, मी या रस्त्यावरच्या वस्त्यांमधली मुलं वजनकाट्यावर उभी केली," त्या म्हणाल्या. "पोटं भरलेली आहेत, पण अंगात रक्त नाही. बायकांचंही तेच. मला भाजी कळत नाही. तुम्हाला कळते. गाडी चालवता येते ना?"

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट खरी वाटत नाही म्हणून सांगतो. आमच्या भागात चहूकडं हिरवं आहे. ऊस, द्राक्षं, डाळिंब, जिथं कॅनॉलचं पाणी तिथं मळा. पण ऊस कारखान्याला जातो, डाळिंब बॉक्समध्ये बसून परदेशी जातं. ज्या बाया दिवसभर भेंडी निवडून, पुसून, एकसारख्या लांबीची करून खोक्यात भरतात, त्या संध्याकाळी घरी जाऊन बटाटा चिरतात. वस्तीत भाजी विकणारं कुणी नसतं. आठवडी बाजार लांब. जायचं तर वडापच्या, सीट भरून निघणाऱ्या जीपला पैसे आणि वर अर्धी हजेरी बुडते. म्हणून वस्तीत काय मिळतं, तर कांदा, बटाटा आणि पत्र्याच्या दुकानात तोरणासारखी टांगलेली वेफरची लाल-पिवळी पाकिटं. मी तर रोज पाचटासारखी भाजी मंडईबाहेर फेकलेली बघत आलो होतो. मॅडमना म्हटलं, "गाडी दाखवा."

गाडी बघून माझे हात आपोआप जोडले गेले.

ती गाडी म्हणजे वैकुंठरथ, मयत न्यायची गाडी. एका शेठजींनी वडिलांच्या नावानं कधीतरी गावाला दिलेली. गावानं नवी घेतली तशी जुनी परत आली, आणि शेठजींनी ती आमच्या संस्थेला देऊन टाकली. मॅडमना मात्र तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"चाचा, आतून पूर्ण स्टील आहे. धुता येते, पाणी जायला भोक आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या, हवा खेळती. हा ट्रे बघा, रुळावर आहे, अख्खा बाहेर येतो. भाजीसाठी मुद्दाम बनवून घेतली असती तर अशीच बनवली असती."

खरं सांगायचं, तर यात चूक काहीच नव्हतं. इतकी सोयीची भाजीची गाडी मी आजवर पाहिलेली नाही.

रंग बदलून पांढऱ्याची हिरवी करायचं ठरलं. पण शेठजींनी अट घातली की वडिलांचं नाव राहिलं पाहिजे. पेंटर बिचारा सांगितलं तेवढं करणारा. त्यानं नावाला हात लावला नाही, त्याच्याच खाली मोकळ्या जागेत आमचा मजकूर लिहिला. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत झालं, ते असं: कै. गेनबाशेठ यांच्या स्मरणार्थ ताजी भाजी.

आणखी एक भानगड होती. गाडी रिव्हर्सला टाकली की छतावरच्या कर्ण्यातून सनईची रडवी धून सुरू व्हायची. मिस्त्री म्हणाला, धून तोडली तर हॉर्न जाईल आणि बहुतेक ब्रेकचा दिवाही. मी म्हटलं राहू दे, आपण रिव्हर्स घ्यायचाच नाही.

माझ्याबरोबर मापाला पिंपळीच्या शालनताई होत्या. उभा जन्म बाजारात गेलेला, आवाज असा की गिऱ्हाईक दुसऱ्या रांगेतून वळावं. पहिल्या दिवशी आम्ही निघालो ते अंथुर्ण्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवर. पालेभाजी उन्हानं सुकू नये म्हणून ट्रेवर मांडून वरून ओला पांढरा कपडा घातला होता. वस्तीचा बोळ अरुंद. गाडी वळवायला जागा फक्त शेवटच्या घरापुढं. तिथं मला रिव्हर्स घ्यावाच लागला.

सनई सुरू झाली.

त्या शेवटच्या घरात मुरलीधरतात्या नावाचे म्हातारे बरेच दिवस बाजेवर पडून होते. जेवण सोडलेलं. हिरड्यांना लागतं, चव नाही, म्हणून भाकरी परत पाठवायचे. सगळी वस्ती आज-उद्याच्या हिशेबानंच त्यांच्याकडं बघत होती. आणि दारात वैकुंठरथ उभा राहिला.

घराघरांतून माणसं बाहेर आली. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुठूनतरी एका बाईनं हंबरडा फोडला, तिला दुसरीनं साथ दिली. तात्यांची सून छबू नळावर होती, ती हंडा टाकून पळत आली. मी खिडकीतून ओरडतोय, "भाजी हाय वो, भाजी!" तर एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ड्रायव्हरसायेब, बसा. पाणी प्या. तुमचं कामच अवघड."

आता गैरसमज दूर करावा म्हणून शालनताईंनी मागचं दार उघडून ट्रे खसकन बाहेर ओढला. तेवढं करायला नको होतं. पांढऱ्या कपड्याखाली मुळे, दुधी आणि कोबी असे काही रचलेले होते, की मलाच क्षणभर शंका आली. छबूनं त्याच्यावर अंग टाकलं.

"आवं तात्या, असं न सांगता कसं वो गेला!"

मग तिच्या हाताला कोबी लागला. तिनं कपडा बाजूला केला. रडणं हळूहळू थांबलं. सगळे मेथीच्या जुड्यांकडं बघत राहिले. त्या शांततेत घरातून बारीक आवाज आला,

"कोण गेलं गं, छबे?"

पण तोवर कुणीतरी डाळजला फोन लावला होता. तात्यांची लेक तिकडं दिलेली. तासाभरात पिकअप भरून पाव्हणे आले, हार घेऊन. लेक वस्तीच्या तोंडापासूनच आक्रोश करत चालत आली. बापानं तिला कसं खांद्यावरून जत्रेला नेलं, कसं कधी रागावून बोलले नाहीत, सगळं सांगत. घरात येऊन बघते तर बाप बाजेवर उठून बसलेला, कान देऊन ऐकतोय.

"थांबू नगं," तात्या म्हणाले, "म्होरं सांग. जत्रंनंतर काय?"

आलेल्या पाव्हण्यांना उपाशी कसं पाठवणार? छबूनं डोळे पुसले, आमच्याकडची वांगी घेतली, शेजारणींनी गवार घेतली, मेथी घेतली, प्रत्येक घरात दोन-दोन पाव्हणे वाटून दिले. गाडी रिकामी झाली. मॅडमनी फोनवर विचारलं, पहिला दिवस कसा गेला? मी म्हटलं, "सगळा माल खपला." कसा खपला ते सांगायला मला दोन दिवस लागले. आणि पाव्हण्यांच्या पंगतीत तात्यांनीही वांग्याचं कालवण मागून घेतलं. भाकरी त्यात कुस्करून, बोटं चाटून खाल्ली.

पुढच्या खेपेला मात्र एकही माणूस गाडीजवळ आला नाही.

वस्तीत पोपट नावाचा दुकानदार होता, तोच तो पाकिटांच्या तोरणाचा. त्यानं दुकानाच्या ओट्यावर बसून एकच शब्द सोडला होता, "मढ्याची भाजी." शालनताई भांडायला निघाल्या, मी अडवलं. त्याच्याकडं गेलो, बाकड्यावर बसलो.

"चाचा, तुमचा राग न्हाय," तो म्हणाला. "पर मी बी कधीकाळी भाजी ठिवली हुती. दुपारपत्तुर सुकती. पाकीट सुकत न्हाय. आता तुमी माजं गिऱ्हाईक फोडणार आन् मी गप बसू व्हय?"

त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. कदाचित याहून चांगला शब्द काढला असता.

अशा वेळी धावून आले ते तात्या. त्यांनी आपली बाज उचलून थेट गाडीशेजारी आणायला लावली.

"ही गाडी माज्यासाटीच आल्ती," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "आता आलीच हाय तर रिकामी कशाला धाडायची? छबे, तांदुळजा घे. मऊ शिजीव."

दर खेपेला त्यांची तीच तऱ्हा. दात नव्हते, म्हणून तांदुळजा, दुधी, लाल भोपळा असलं मऊ मागायचे. आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो; तात्या आधीच बाजेवर तयार. मग ते बाजेवरून उठून काठी टेकत यायला लागले. म्हातारा गाडीची भाजी खाऊन मरत नाही, उलट चालायला लागलाय, हे वस्तीनं पाहिलं. भाजीनंच झालं असं मी म्हणत नाही. लेकीच्या तोंडून एवढं कौतुक ऐकल्यावर कुणीही आठ-दहा वर्षं सहज काढील.

बाया यायला लागल्या, पण एक अट घेऊन. मागच्या दारातून आलेली भाजी नको. खिडकीतून दिलेली चालेल.

"खिडकीतनं काय येगळी हुती व्हय गं?" शालनताईंनी विचारलं.

"मागच्या दारातनं त्ये जात्यात," एक पोरसवदा बाई अगदी शांतपणे म्हणाली. "खिडकीतनं कोण जातंय?"

तेव्हापासून शालनताई गाडीत शिरायच्या आणि खिडकीतून रेल्वेच्या तिकीटवाल्यासारखी भाजी द्यायच्या. धंद्यात मी एवढंच शिकलो, की गिऱ्हाईकाला माल पटवण्यापेक्षा त्याला घेता येईल अशी वाट काढून देणं सोपं. खिडकी तर खिडकी. सहा महिने असे गेले. चुलीवर मेथीचा वास यायला लागला. मॅडमनी मुलांना पुन्हा काट्यावर उभं केलं आणि वाढलेली वजनं वाचताना त्या पहिल्यांदाच हळू बोलल्या.

आणि मग एका दुपारी पोपट गाडीपाशी येऊन उभा राहिला. भाजीकडं बघेना, माझ्याकडंही बघेना.

"चाचा, आई गेली."

त्याची आई गोदाक्का. दुकानाच्या आतल्या अंगाला बसून असायची. पोपट म्हणाला, "गावच्या गाडीला फोन लावलाय, ती दुसरीकडं गेलीया, सांजपत्तुर येत न्हाय म्हणत्यात. पिकअपवाला न्हाय म्हणतोय. घाट हितनं लांब हाय. उसाच्या ट्रॉलीत घालून आईला कसं न्यायचं?"

सगळी वस्ती आमच्या हिरव्या गाडीकडं बघत होती.

शालनताईंनी मला बाजूला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या बाजारात वाढलेल्या. "चाचा, एकदा का ह्यात मयत गेलं, की खिडकीतनं द्या न्हायतर छपरावरनं द्या, कुणी खायाचं न्हाय. सा महिन्यांचं काम बुडालं समजा. आन् ह्यो तर पोपट हाय. मढ्याची भाजी म्हणणारा."

मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चाचा, तिथं तुम्ही उभे आहात, मी नाही. तुम्ही ठरवाल ते बरोबर."

असं कुणी म्हटलं की फार राग येतो. सगळं ओझं आपल्यावर. मी गाडीकडं पाहिलं. गाडी ज्या कामासाठी बनली होती तेच काम कुणीतरी तिच्याकडं मागत होतं, आणि मी आत गवार भरून उभा होतो. त्या बाईला ऊस वाहायच्या ट्रॉलीतून जाऊ देऊन मी उद्या तिच्याच दारात दुधी विकणार होतो का?

"माल उतरवा," मी म्हटलं.

कुठं उतरवायचा? खाली धूळ आणि ऊन. पोपटनंच दुकानाचा ओटा दाखवला. बायांनी रांग लावली, हातोहात क्रेट गेले. आम्ही ट्रे धुतला, गोदाक्कांना त्याच पांढऱ्या कपड्यावर निजवलं. दुसरा कपडा नव्हता. निघणार तेवढ्यात तात्या काठी टेकत आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

"तात्या, तुमी कुठं?" छबू ओरडली.

"गोदीला सोबत नगं का? आन् गाडी माज्या वळखीची हाय."

सीटवर शेवग्याच्या शेंगांची पेंडी राहून गेली होती. ती कुठंच मावेना. शेवटी तात्यांनी ती मांडीवर उभी धरली. समोर हार घातलेली गाडी, पुढच्या काचेमागं भालदारासारखे शेंगा धरून बसलेले तात्या, बाजूला ताजी भाजी लिहिलेलं. रस्त्यावरच्या लोकांनी हात जोडले. त्या दिवशी मला पहिल्यांदाच चोरट्यासारखं वाटलं नाही. घाटावर मागं घ्यायला रिव्हर्स टाकला आणि सनई सुरू झाली. पोपटनं माझा हात धरला. "चाचा, तुमी वाजपाची बी सोय केली," म्हणाला आणि रडायला लागला. मयतीला खांदा देणाऱ्यांत एक माणूस कमी होता, तिथं मी लागलो.

परत आल्यावर गाडी कॅनॉलवर धुतली. वस्तीत गेलो ते उरलेले क्रेट उचलायला. जवळजवळ सगळे रिकामे होते. ओट्यावर छबू मांडी घालून बसली होती.

"मयताच्या घरी शेजारपाजाऱ्यांनी रांधाय लागतंय," ती म्हणाली. "त्याला गेली थोडी. बाकीची बाया येतील तशी देत गेले. ओट्यावरची भाजी हाय, गाडीतली न्हाय. कुणी काय बोललं न्हाय."

आम्ही पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वस्तीच्या तोंडाशीच बायांनी गाडी अडवली. छबू पुढं. "चाचा, गाडी आत आणायची न्हाय. हितंच लावा. माल आमी नेतो." आणि क्रेट डोक्यावर घेऊन बाया चालत्या झाल्या. पोपटचं दुकान सुतकात बंद होतं, ओटा मोकळा होता, वर पत्र्याची सावली होती. त्या दिवसांत पाकिटं मिळायची बंद झाली. पोरं दुकानाच्या बंद फळ्यांकडं बघायची आणि मग मुकाट्यानं काकडी, पेरू, गाजर खायची. शालनताई म्हणाल्या, एवढा मोठा कार्यक्रम मॅडमना पैसे खर्चून जमला नसता.

दिवसकार्य उरकून पोपटनं दुकान उघडलं, तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं फळ्या काढल्या, पाकिटांचं तोरण बाहेर टांगलं आणि ओट्यावरच्या भाजीकडं बघत उभा राहिला. छबूनं पदर खोचला. भांडणाची तयारी होती. पोपट खाली वाकला. बटाट्याचं पोतं कडेला उन्हात आलं होतं, ते त्यानं ओढून आत सावलीत घेतलं.

"ऊन लागलं की हिरवा पडतोय," एवढंच म्हणाला.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. डाळजकडच्या वस्तीवर आमची गाडी कुणी उभीच करू दिली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी लोक मयत असेल तेव्हाच बोलवायचे, भाजी नको म्हणायचे. पोपटच्या दुकानावर पाकिटांचं तोरण अजूनही आहे, पोरं दोन्ही खातात. पुढं संस्थेनं दुसरं काम हाती घेतलं, मॅडम बदलून गेल्या. जाताना त्या मला काहीतरी सांगत होत्या, पण इतकं भरभर, की अर्धं मला कळलंच नाही. दोन वस्त्यांवरच्या बाया नंतरही फोन करायच्या, "चाचा, कधी येताय?" त्यांना काय सांगावं ते सुचायचं नाही. गाडी शेठजींकडं परत गेली. छबू आणि पोपट आता पहाटेच्या लिलावाला स्वतः बारामतीला येतात आणि पिकअपनं माल नेतात.

मागच्या हिवाळ्यात नातेवाइकांकडून येताना मी त्या वाटेनं वळलो. घरून पिशवी दिली होती, मेथी आणा म्हणून. ओट्यापुढं बायांचा घोळका. मी म्हातारा माणूस, मागं उभा राहिलो, कुणी वळूनही बघेना. माझी पाळी आली तेव्हा ओट्यावर दोन कांदे आणि ओलं पोतं.

"मेथी दे गं, छबू."

"संपली की चाचा," ती हात झटकत म्हणाली. "आमच्याकडं यायाचं तर सकाळच्यालाच यायाचं. दुपारी काय ऱ्हातंय?"

चहा पाजला तिनं. मग मी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली आणि बारामतीची एसटी धरली. घरी माझ्या बायकोनं, हमिदानं विचारलं, "बागवानाला मेथी मिळाली नाही?"

"नाही मिळाली," मी म्हटलं. "वस्तीत संपली होती."

ती बघत राहिली. माणूस रिकाम्या हातानं आलाय आणि हसतोय कशाला, ते तिला काही कळेना.